केलं असेल, नसेलही

आताच्या युद्धात शत्रू दिसत नाही, म्हणून जबाबदार माणसानं शब्द तोलून वापरावा. आमचे इतवाऱ्यातले शेजारी शब्द तोलूनच वापरत, पण त्याचा युद्धाशी संबंध नव्हता. ते पाण्याच्या टाकीवर ऑपरेटर होते.

"भाऊ, आज नळ येईल का?"

"येईल बी, नाही बी."

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, "लग्न झालं का विचारा, तरी हेच सांगतील."

सीमेवर तणाव होता त्या आठवड्यात टाकीवरचा कॉम्प्युटर बंद पडला आणि शहर दोन दिवस कोरडं राहिलं. हल्ल्याचा संशय शेजारच्या देशावर गेला, त्यानं हात झटकले. भाऊंनी जुनी लोखंडी चावी शोधून एकेक व्हॉल्व्ह हातानं फिरवला. तळहात सोलून निघाले, पण गल्लीत पाणी आलं.

मग त्यांच्या खात्याचे साहेब कागद घेऊन आले. "लिख दो ना भाऊ, दुश्मन देशानं केलं. नाहीतर चूक तुमची धरतील."

"पाहिलं कोणी, साहेब?"

"त्यात पाहायचं काय!"

त्यांनी चष्मा पुसला, 'केलं असेल, नसेलही' असं लिहिलं आणि खाली सही केली. तिसऱ्या दिवशी ते निलंबित झाले.

आता ते दिवसभर ओट्यावर बसतात आणि नळ आला की उठून आत जातात. परवा आमच्याकडे टीव्हीवर सरकारी प्रवक्त्याला कोणी विचारलं, तो हल्लाच होता का? तो म्हणाला, असेल, नसेलही. शेजाऱ्यांनी मान डोलावली.

प्रवक्ता अजून नोकरीवर आहे.