उधईवाल्या डॉक्टरीणबाईंची मुलाखत

सई, निनाद,

सई, तुझी पोस्टडॉकची मुलाखत जवळ आली आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, त्या उधईवाल्या ताईची करून घेतलीस तशी माझीही तयारी करून घे." मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. ती ताई आता नाही. हे फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, आपल्या न्हाणीघराच्या चौकटीतली उधई बघत उकिडवी बसलेली. इकडे वाळवीला उधई म्हणतात. आलापल्लीच्या सागाच्या जंगलात राहून तिने उधईवर पीएचडी केली होती. गल्लीतल्या बायका तिला अडवायच्या.

"डॉक्टरीणबाई, आमच्या दाराले औषध मारून दे ना."

"काकू, माझं काम मारायचं नाई, मोजायचं आहे."

"मंग एवढी शिकली कायले?"

ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

मी शाळेत इंग्रजी शिकवलेली, म्हणून मुलाखतीच्या तयारीला ती माझ्याकडे येऊ लागली. "जयभीम बाई" म्हणत चपला भिंतीशी नीट लावून ठेवायची. मी इंग्रजीत प्रश्न विचारला की वाहतूक पोलिसासारखा तळवा उभा करायची. "थांबा बाई, पयले आपल्या भाषेत सांगू द्या." मग हात हलवत आपल्या बोलीत सांगायची आणि तेच पुन्हा इंग्रजीत, सावकाश.

"पॅनलसमोर हे चालायचं नाही," मी म्हणायची.

"काऊन? त्याइले घाई आहे का?"

तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. सांधे ठणकत असले की गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. "दुखून राह्यलं, पण तुम्ही विचारा." जागा बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतली होती. तिला जंगलाचं काम पुढे न्यायचं होतं. तिच्या आईला तिथले मोठे दवाखाने दिसत होते.

मुलाखत आपल्याच जेवणाच्या टेबलावर झाली, कारण तिच्या घरी नेटवर्क नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. जंगलाला वाळवीचा उपयोग काय, असं कोणीतरी विचारलं. मग तिने इंग्रजीत परवानगी मागितली, आधी मराठीत सांगू का? मी गॅस बंद केला. पलीकडे एकजण हसला आणि सांगा म्हणाला.

"पडलेलं झाड कोणीतरी खाल्लं पायजे ना जी. नाई तं जंगलात पाय ठेवाले जागा नाई राहणार."

पुढचं तिने इंग्रजीत सांगितलं. निवड झाली.

मेल आला तेव्हा ती तापाने दवाखान्यात होती. मी तिला तो वाचून दाखवला.

"बाई, तिथी स्वेटर लागते का?"

"लागतो."

"मंग आईले सांगा, चंद्रपूरवरून आणाले."

आईने स्वेटर आणला. त्याच आठवड्यात ती गेली. मी घरी आले, टेबल पुसलं, खुर्च्या सरळ केल्या. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

सई, तयारी तुझ्या आईकडून करून घे. मला सध्या कोणाला प्रश्न विचारता येत नाहीत.

गेल्या महिन्यात तिच्या आईबरोबर मी आलापल्लीला जाऊन आले. जंगलात तिने मोजणीसाठी खुंट्या ठोकून चौकोन आखले होते. लाकडाच्या खुंट्या उधईने खाल्ल्या असत्या, म्हणून लोखंडाच्या. त्या सगळ्या जागेवर आहेत.