कांदा देला होता का?

ती घटना विसरतो म्हटलं तरी विसरत नाही, आणि मला ती विसरायचीही नाही. तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहरात नोकरीला असलेला एक गृहस्थ तरातरा आत आला आणि त्याने माझ्या टेबलावर मोबाइल ठेवला. व्हिडिओत त्याची विधवा आई सांगत होती, "मले जेवता येत नाही इथं." गावातली भावजय आईला जेवू देत नाही, तिला अटक करा, आईला मी वृद्धाश्रमात ठेवतो, असं त्याचं म्हणणं होतं. धाकटा भाऊ कामासाठी परजिल्ह्यात गेलेला. बाप वारल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं.

म्हातारीला अल्झायमर होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वैद्यकीय तपासणीत मारहाणीची खूण निघाली नाही, पण बाई खरंच उपाशी आहे असं डॉक्टर म्हणाले. झालं, माझं डोकं सणकलं. महिला शिपाई पाठवून सुनेला ठाण्यात आणलं आणि चांगलं फैलावर घेतलं. आमच्या आवाजाने भलेभले घाम पुसतात. या बाईने मान खाली घातली नाही. मी ताट देते, ती झाकून ठेवते, जेव म्हटलं की शिव्या देते, एवढंच ती सांगत राहिली. अटकेचं नाव काढलं तेव्हा थोरल्या दिराकडे बोट करून म्हणाली, "करा अटक, साहेब. पन बुढीचं आंग कोन धुईन, थे आधी यायले इचारा."

तक्रारदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. खोटं बोलणारा माणूस एवढं ताठ बोलत नाही, हा माझा अनुभव. मी दोघांनाही गाडीत घातलं आणि त्यांच्या घरी गेलो.

सुनेने सासूपुढे ताट ठेवलं. म्हातारीने ते दुसऱ्या ताटाने झाकलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड करून बसली. आजवर तिला सगळे जेव म्हणत होते. मी खाली बसून विचारलं, "माय, काहून जेवत नाही?"

"घरचे वावरातून आले नाही अजून. त्याहिच्या आधी कशी जेवू?"

नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, एवढा एकच नियम तिच्याजवळ शिल्लक होता. सून म्हणाली, "मामाजी जेवले, माय." म्हातारी खेकसली, "तुले काय ठाऊक? तू कोन?"

मी टोपी सारखी केली. "ते ठाण्यात आले होते, माय. आमच्यासंगं पिठलं-भाकर खाऊन गेले."

तिने माझ्या वर्दीकडे नीट पाहिलं. "कांदा देला होता का?"

"देला होता."

तिने झाकण काढलं आणि जेवायला लागली. सुनेने तोंडात पदर कोंबला.

मोठा मुलगा कुरकुरला, पोलीस असून आईशी खोटं बोलता? मी म्हटलं, "बोलतो. द्या माझ्याविरुद्ध तक्रार." त्याने दिली नाही. म्हातारी सुनेजवळच राहिली.

फिर्यादी खरं बोलतो आणि तरी गुन्हा घडलेला नसतो, हे मी त्या घरात शिकलो. त्यानंतर रोज दुपारी ठाण्यातला फोन वाजायचा. सून तो सासूच्या कानाला लावायची. ड्युटीवर जो अंमलदार असेल तो हातातलं काम थांबवून सांगायचा, "जेवले, माय. कांदा बी घेतला."