तेवीस नंबर आणि मासळीचं खोकं

फुआतिनो सासरी आली त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि एकोणीस वर्षं ती बाहेरचीच राहिली. भर महासागरातल्या सवाई नावाच्या बेटावरच्या त्या गावात परगावच्या सुनेनं चूल सांभाळायची, सभेत कोको वाटायचा आणि तिथलं बोलणं ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं वागायचं. तिला कुणी छळलं नाही. कुणी काही विचारलंही नाही.

घर गावाच्या वरच्या टोकाला. पहाटे टाकीचं पाणी सुटलं की खालची घरं पिंपं भरून घ्यायची आणि वरचा नळ नुसता खाकरायचा. मग ओहोटी बघून समुद्रकाठच्या झऱ्यावरून चार बादल्या वर आणायच्या. आता तिचा उजवा गुडघा बोलायला लागला होता.

राजधानीतून, आपियाहून, एक संस्था आली. तिनं मोबाईलवर एक पान काढून दिलं: पाण्याचं काय करायचं ते लिहा, नाव नको, प्रत्येकाला नुसता एक नंबर; लिहिलेलं सगळ्यांना दिसेल. पहिल्याच आठवड्यात एकसष्ट सूचना आल्या. जिथे पाच माणसांपलीकडे सभेत कुणाचा आवाज ऐकला नव्हता, तिथे. संस्थेची माणसं चकित झाली. त्यात चकित काय व्हायचं? तोंडं आधीही होतीच.

त्यातल्या अकरा सूचना तेवीस नंबरच्या. ज्यांवर कंद भाजायचे ते चुलीतले दगड तापेपर्यंत फुआतिनो लिहायची. दहावी अशी होती: 'आधी वरचा व्हॉल सोडा, वरची घरं भरली की खालचा. खाली जायला पाणी कुणाची परवानगी मागत नाही.'

संस्थेला बरं चाललेलं बघवेना. तिनं बक्षीस लावलं. सर्वांत चांगल्या सूचनेला डबाबंद मासळीचं एक खोकं, भर सभेत स्वतःच्या नावानं घ्यायचं. कुणी पुढे आलं नाही तर मान दुसऱ्या सूचनेला. पुढच्या आठवड्यात तीनशे बारा सूचना. निम्म्याहून जास्त 'रग्बीच्या मैदानावर दिवे लावा', चुलतभावांचे फोन मागून लिहिलेल्या. तेवीस नंबर गप्प झाला. खोकं काही पदराआड नेता येत नाही, आणि या गावात दिलेली वस्तू नाव पुकारूनच दिली जाते.

नणंदेनं, पेपेनं, विचारलंच. "वहिनी, तो तेवीस नंबर कोण गं? फार शहाणा दिसतो."

"असेल कुणी पाणी वाहणारा, वन्सं."

"पाणी तर तू वाहतेस."

"म्हणजे शहाणी नव्हे."

पहिली आली ती दहावी सूचनाच. दुसरे, रग्बीचे दिवे. सभेत संस्थेच्या बाईनं दोनदा विचारलं, "तेवीस नंबर कोण?" कुणी हललं नाही. फुआतिनो कोकोची किटली धरून उभी. हात वर केला तर जन्मभर 'सभेत बोललेली सून' म्हणून राहायचं, आणि व्हॉलची चावी तरी कुठे तिच्याकडे होती? चावी तिच्या चुलत सासऱ्यांकडे, तुइलोमांकडे. खालच्या आळीचे प्रमुख ते. नाही केला, तर मैदानात उजेड आणि तिच्या हातात बादल्या.

बाई तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात फुआतिनोनं तुइलोमांच्या कपात कोको ओतला आणि शेजारच्या दोघांना ऐकू जाईल इतपत म्हणाली, "मामंजी, तेवीस तुमचाच ना? विसरलात की काय?"

तुइलोमांनी खोक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, बराच वेळ.

"वय झालं," ते म्हणाले. "विसरायला होतं."

बाईनं फोन पुढे केला आणि सूचना वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी खड्या आवाजात वाचली. परवानगीच्या वाक्याशी थांबून एक घोट घेतला, मग तेही वाचलं. प्रमुखानं सभेत उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, प्रमुखालाही नाही. सोमवारी आधी वरचा व्हॉल सुटला.

खोकं वाटलं गेलं. आधी पाद्री, मग मानकरी. फुआतिनोच्या घरी एक डबा आला. तिनं तो संपवला आणि नळाखाली धुतला.

बुधवारी तुइलोमा तिच्या चुलीपाशी आले. इकडे ते कधी येत नसत.

"तेवीस नंबर पुढे काय म्हणतो?"

"मला काय माहीत, मामंजी. नंबर तुमचा."

"म्हणून तर विचारतोय. शनिवारी सभा आहे, लोक मला विचारतील."

फुआतिनोनं दगड उलटवले. "बसा," ती म्हणाली. "अजून दहा आहेत."