दक्षिणेकडे पाय

गणपतीच्या आधी आमचे मालक झेंडू भरलेल्या टेम्पोवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नाशिक रोडच्या एका दवाखान्यात कॉटचा पायथा विटांवर चढवला, पायाला दोरी बांधली आणि दोरीला वजन लटकवलं. डॉक्टरांनी मला दारात उभं करून सांगितलं, वजन हललं तर हाड सरकेल आणि पाय आखूड राहील. आखूड पायाचा माणूस शेतात काय कामाचा, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई धाकट्या दिराला घेऊन आल्या. मुलाकडे बघायच्या आधी त्यांनी खिडकीतून ऊन कुठून येतं ते बघितलं.

"ह्याचे पाय दक्षिणेला हायेत."

आमच्याकडे मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेला करतात. ती यमाची दिशा. जिवंत माणूस तसा झोपत नाही.

"फिरवा कॉट," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, वजन हलेल."

"वजन काय झोपलेलं पोर हाय का, हलवलं तर उठंल?"

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा म्हणाला, "आजी, आमचे बी पाय तिकडंच हायेत. पहिला नंबर कोणाचा?" कोणी हसलं नाही. दिराने बाह्या वर केल्या आणि कॉटला हात घातला. मी पायथ्याशी जाऊन दोरीपुढे उभी राहिले. मालक छताकडे बघत होते. घाबरले होते. हो म्हणतील, असं मला वाटत होतं.

माझी पोरगी पुण्याला भाषाशास्त्र शिकत होती. त्या शिक्षणाचा उपयोग काय, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. बापाला बघायला ती सकाळीच येऊन पोचली होती. ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, दक्षिण म्हणजे मुळात उजवी बाजू. उगवतीकडे तोंड केलं की उजवा हात येतो ती. संस्कृत, जुनी इराणी, लॅटिन, सगळीकडे उजव्याला असाच शब्द आहे. हजारो वर्षांपूर्वी या सगळ्या भाषांची एकच आई होती. तिच्यात तो 'देक्स' असा काहीतरी होता."

"कोणी ऐकला?"

"कोणीच नाही. लिहिलेलाही सापडत नाही. म्हणून लिहिताना त्याच्या आधी एक चांदणी काढतात, शब्द जुळवून काढलाय याची खूण."

"मग होता कशावरून?"

"दादांचं, काकांचं, माझं नाक सारखं आहे ना? आजोबांना मी पाहिलं नाही, त्यांचा फोटोही नाही. तरी त्यांचं नाक कसं होतं ते मला सांगता येतं."

"नाक माझं हाय ते," सासूबाई म्हणाल्या.

दिराने खालची एक वीट सैल केली. दोरी थरथरली आणि मालकांनी दात आवळले.

"थांब," ते दिराला म्हणाले. मग पोरीला विचारलं, "त्या लोकांना त्या बाजूचं भ्या वाटायचं का?"

नाही म्हण, असं मी तिला डोळ्यांनी सांगितलं. एका शब्दाचं काम होतं.

"ते नाही सांगता येत, दादा. शब्द जुळवता येतो. भीती होती की नव्हती, ते त्यातून निघत नाही."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिराने पुन्हा कॉट धरली.

"राहू दे," मालक म्हणाले.

"काय राहू दे?" सासूबाईंनी विचारलं.

"कॉट. भीती नव्हती म्हणाली असती तर मी समजलो असतो, तिच्या आईनं पढवलंय. पोरगी खरं बोलती, मग उजव्या बाजूचं म्हणाली तेबी खरंच. वीट नीट बसव रे."

सासूबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून मालकांचे पाय आणि दक्षिणेची भिंत यांच्यामध्ये ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"तिकडून येणाऱ्याला आधी मी दिसंन," त्या म्हणाल्या.

दोरी सुटेपर्यंत त्या रोज बसने येऊन तिथे बसल्या. नर्सला जायला वाट उरत नसे, तरी उठल्या नाहीत. पाय सरळ जुळला. सासूबाईंची कंबर मात्र संक्रांतीपर्यंत धरलेली होती.