सुनेच्या टँकमधलं मीठ

भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... असलं मी जन्मात मानलं नाही. माझ्या नणंदेच्या अंगात यायचं तेव्हा मी तिच्यापुढे गरम कॉफी आणून ठेवायची. वास आला की देवी निघून जायची. त्यामुळे पुढचं वाचून कुणी म्हणालं की म्हातारीचा डोळा लागला असेल, तर मी भांडणार नाही. दुसऱ्या कुणाचं वाचलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही बसवनगुडीत राहतो. आमचे लोक इथे कधी आले ते कुणाला नीट सांगता येत नाही, इतकं जुनं. घरात मराठी टिकली आहे, थोडी कन्नड मिसळून. माझी शाळा चौथीपर्यंत. मुलगा रवी बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. सून मुग्धा पुण्याची.

मुग्धाचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर तिने नोकरी सोडली. जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण सगळं लांबून. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग कुणाकडे तरी तिने समुद्रातल्या माशांचा टँक पाहिला आणि तो तिच्या मनात बसला.

टँक म्हणजे टेबलावरची काचपेटी नव्हे. हॉलची एक अख्खी भिंत. वजनाने जमीन खचू नये म्हणून रवीने फरशी उखडून खाली काँक्रीट घातलं. मागच्या कोठीत पंप, गाळण्या, पाण्याची पिंपं. टँकमध्ये दगड आणि दगडांवर पोवळी. ती झाडं नव्हेत, जनावरं आहेत, हे मला मुग्धाने सांगितलं. करंगळीच्या पेराएवढे तुकडे आणून तिने एकेक चिकटवला होता. काही मेले. उरले ते आज परातीएवढे आहेत. पहिलं पोवळं उघडलं त्या दिवशी ती "आई, आई" करत स्वयंपाकघरात धावत आली. तिचा मोठा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. म्हणून हॉल गेला, सोफा अंगणात गेला, तरी मी तोंड उघडलं नाही.

ह्या टँकला समुद्राचं मीठ लागतं. ते बादल्यांमधून येतं. गाळलेल्या पाण्यात कालवून ठेवायचं आणि जुनं पाणी काढून हे घालायचं. कमी झालं तरी पोवळी मरतात, जास्त झालं तरी मरतात. लाडावलेली जात.

गेल्या वर्षी मुग्धाच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती पुण्याला गेली. पंप ती फोनवरून चालू-बंद करू शकते. टँकला बसवलेलं मीठ मोजणारं यंत्र मात्र बिघडलं होतं. सकाळी रवी कामावर गेल्यावर तिचा फोन आला.

"आई, मीठ कसं आहे हो?"

मी कोठीत गेले, बादलीत पाहिलं. तळ दिसत होता.

"मीठ वाढलंय गं."

"वाढलंय? खूप?"

"पार वाढलंय. कालपासूनच."

"बापरे! तुम्ही कशाला हात लावू नका आई. मी इथूनच करते सगळं."

मला वाटलं, पोरगी तिथून मीठ मागवते आहे. "सरी, बरं," म्हटलं आणि भाजी चिरायला बसले.

तिने काय केलं, तर टँकमधलं खारं पाणी काढून टाकलं आणि पिंपातलं गोडं पाणी आत सोडलं. दुपारभर.

संध्याकाळी रवी आला तो दारातच थांबला. पोवळी सगळी आत ओढली गेली होती, पांढरट पडली होती. मासे वर येऊन धापा टाकत होते. त्याने हातात धरायच्या नळीसारख्या काचेतून पाण्यातलं मीठ तपासलं.

"आई, मुग्धाला काय सांगितलंस तू?"

"मीठ वाढलंय म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं का?"

त्याने कपाळाला हात लावला. "अगं, तिला वाटलं जास्त झालंय! संपलं म्हणायचंस ना सरळ!"

"घरातलं मीठ संपलं असं म्हणतात का कुणी? दिवा विझला म्हणतो आपण? बांगडी फुटली म्हणतो? वाढली म्हणतो. तूही म्हणतोस."

"मी म्हणतो गं. ती पुण्याची आहे, इंग्लिश मीडियमची!"

"मग पुण्यात काय अळणी जेवतात?"

तो हसला नाही. मी डब्यातलं मीठ घालू का विचारलं, तर अंगावर आला. ते चालत नाही म्हणे. मग त्याने मुग्धाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "जाऊ दे. म्हणजे मीच मारली."

हा आवाज मी ओळखत होते. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी शहर बंद होतं. दुकानं नाहीत, बस नाहीत. यशवंतपूरला रवीच्या ओळखीचे एक अण्णा राहतात, त्यांच्याकडे असाच टँक आहे. त्यांच्याकडून मीठ आणायला तो स्कूटर घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "बहुतेक उशीर झालाय, आई." मुग्धाने मला फोन करून सांगितलं, "तुम्ही नुसत्या बसा त्यांच्याजवळ." माशांजवळ बसून काय करायचं? पण बसले, खुर्ची ओढून.

भर दुपार. रस्त्यावर एक गाडी नाही. हॉलमध्ये तो निळा उजेड, आणि पंपांची घरघर. मग ती घरघर कधी थांबली ते कळलं नाही... त्याच्या जागी दुसराच आवाज. लांबून काहीतरी येतंय, जवळ येऊन पसरतंय, परत जातंय. परत येतंय. पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत पाणी, इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. फरशी नव्हती. मऊ काहीतरी होतं, आणि पाणी मागे जाताना ते टाचेखालून सरकून जायचं, जणू मला कुणी अलगद खाली बसवतंय.

काच दिसत नव्हती. मासे खुर्चीच्या बाजूने जात होते, घाई नाही, सणाला घरी आलेल्या पाहुण्यांसारखे. पोवळी नाचणीच्या शेतासारखी लांबवर, भिंत संपते त्याच्याही पुढे. वारा होता. ओल्या दोरीसारखा वास होता. भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर एकच विचार आला, हे सगळं पुसणार कोण? आणि मग तोही गेला. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "पोरीचं एवढं राहू दे." कुणाला म्हटलं, ठाऊक नाही. मी कुणाकडे काही मागत नाही.

फाटक वाजलं. रवी मिठाची पिशवी घेऊन दारात. फरशी कोरडी, माझ्या लुगड्याचे काठ कोरडे. पंप चालू.

आणि पोवळी उघडलेली. सगळी.

त्याने पाणी तपासलं. काच पुसून परत तपासलं. मीठ हवं तेवढंच. "आई, काय घातलंस?" काही नाही म्हटलं. त्याने स्वयंपाकघरातला डबा पाहिला, तो भरलेला. शिवाय एवढ्या पाण्याला पोतंभर मीठ लागलं असतं, ते मी कुठून उचलणार? यशवंतपूरच्या अण्णांचं यंत्र आणून पाहिलं, तेच. शेवटी म्हणाला, काल मापण्यात चूक झाली असेल. मग काल पोवळी का मिटली? ते त्याला सांगता येत नाही.

टाचेखालचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "समुद्रात उभं राहिलं की वाळू तशीच सरकते." मी समुद्र पाहिलेला नाही. तिरुपतीपलीकडे मी कधी गेलेच नाही.

मुग्धा आली ती चप्पल न काढताच टँकपाशी गेली. बराच वेळ काचेला कपाळ टेकवून उभी होती. मग वरून बोट बुडवून जिभेला लावलं. ते पाणी ती रोज हाताळते, बादलीतलं मीठ स्वतः कालवते. परत एकदा चाखलं.

"आई, हे आपलं मीठ नाही."

"मग कुणाचं?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि हसली. चांगली मोठ्याने हसली, आणि ओलं बोट माझ्या ओठांपुढे धरलं. मी चाखलं. खारट होतं. त्यापुढचं मला कळलं नाही, आजही कळत नाही.