नावाचं कडवं

माझं एक गाणं आहे, ते तुम्ही बहुतेक ऐकलेलं असणार. लग्नाच्या वरातीत वाजतं, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजतं, कुणाच्या तरी बारशाच्या व्हिडिओला मागून वाजतं. परवा मलकापुरात एस.टी. स्टँडजवळ रसाच्या गाड्यावर वाजत होतं. घरातली गाऱ्हाणी म्हशीच्या कानात सांगणाऱ्या बाईचं गाणं. ‘कानात सांगते म्हशीबाई, घरात कुणाला सांगू नको.’ रसवाला त्यावर मान डोलवत होता. मी विचारलं, हे गाणं कुणाचं हो?

“कुणाचं म्हंजे? जुनं हाय की. आमच्या आज्जीच्या येळचं.”

त्याच्या आजीच्या वेळी मी जन्मालाही आले नव्हते. पूर्वी मी अशा माणसाला धरून बसवायची आणि सगळी कथा ऐकवायची. आता तोंड दुखतं. रस संपवला आणि गाडीत जाऊन बसले.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गडमुडशिंगीचे शाहीर. शेती सांभाळून जत्रांतून कार्यक्रम करायचे. त्यांच्या पार्टीत, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात, एक नियम होता: गाण्याच्या शेवटी नावाचं कडवं यायलाच पाहिजे. रचणारा कोण, कुठल्या गावचा, कुणाच्या हाताखाली शिकला, हे त्यात सांगायचं. आणि ते कडवं आलं की ढोलकी बंद, हलगी बंद, नुसतं तुणतुणं. नाव नीट ऐकू यावं म्हणून. दुसऱ्याचं गाणं म्हटलं तरी त्याच्या नावाचं कडवं म्हणायचंच. एकदा पार्टीतल्या एका गायकानं घाईत ते गाळलं, तर आबांनी भर मांडवात त्याला झापलं, “मान्साचं मुंडकं कापून धड नाचवतोस व्हय रं?”

आबांचं ऐकायला आमच्या घरी माणसांची रीघ असायची. आईचं ऐकायला कुणीच नव्हतं. ती धार काढताना म्हशीशी बोलायची. सासूनं काय टोमणा मारला, नवरा कुठल्या गावाला गेला आणि सांगून का गेला नाही, भाकरी का करपली. मी रेडकू धरून शेजारी उभी असायची आणि ऐकायची. मोठी झाल्यावर त्याचंच मी गाणं केलं. नावाचं कडवं रचताना गुरू म्हणून आबांना घातलं ते घातलंच, पण आधी आईला घातलं:

मुडशिंगीच्या गोठ्यामंदी आई माझी बोलली,
शाहिराच्या लेकीनं ती बोली गाण्यात ओवली.

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “नावाच्या कडव्यात म्हशीमागची बाई कशी आली?”

“गाणं तिचंच हाय की आबा. मी नुसती चाल लावली.”

मात्र देवळापुढं ते गाणं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा त्या कडव्याला तुणतुणं आबांनी स्वतः घेतलं. आई बायकांत मागं बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. घरी आल्यावरही माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याबाहेर होते तेव्हा ती म्हशीला सांगताना ऐकू आली, “गाण्यात आले गं बाई मी.”

आयुष्यात आईला स्वतःचं म्हणून तेवढंच मिळालं होतं. दागिने नणंदांच्या लग्नात गेले, बाकीचं आबांच्या पाहुण्यांच्या चहात गेलं.

आबा गेल्यावर पार्टी मी चालवायला घेतली. कोल्हापुरात स्टुडिओ असलेल्या एकानं आमचा कार्यक्रम ऐकला आणि रेकॉर्डिंगला बोलावलं. काचेची खोली, हुडहुडी भरवणारा एसी. आबांच्या वेळचे आमचे ढोलकीवाले काका कानाला हेडफोन लावून परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. आम्ही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, नावाच्या कडव्यासकट. काका थांबले, तुणतुणं वाजलं, मी आईचं कडवं म्हटलं. इतकं चांगलं मी ते कधीच म्हटलं नव्हतं.

गाणं मोबाईलवर आलं तेव्हा मी मुद्दाम माहेरी गेले. आईला समोर बसवलं, वहिनीच्या मोबाईलवर गाणं लावलं. ती हात पुसून, डोक्यावरचा पदर नीट करून बसली. तिसरं कडवं झालं, ढोलकी थांबली आणि गाणंच थांबलं.

“बॅटरी गेली व्हय?” आई म्हणाली.

मी तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, ढोलकी थांबली की हो. एडिटिंगवाल्या पोरांना वाटलं, गाणं संपलं. त्यांनी तिथंच कापलं.”

“पुढं माझ्या आईचं कडवं होतं.”

“ऐकलं की मी नंतर. पण ताई, गाणं हाय का आधार कार्ड? गाव, आई, बाप समदं कशाला सांगायला पायजे?”

खाली त्यानं लिहिलं होतं, ‘पारंपरिक लोकगीत’. असं लिहिलं की लोक जास्त ऐकतात म्हणे. दुरुस्त करतो म्हणाला. पण तोवर गाणं सगळीकडं सुटलं होतं, आता काढलं तर ऐकणारे लोक तुटतील म्हणाला. मग आणखी कुणीकुणी ते उचललं, खाली ढोल टाकले, आणि गायिका म्हणून माझं जे बारीक नाव होतं तेही गेलं. नाव ऐकू यावं म्हणून जिथं आम्ही गप्प बसायचो, नेमकं तिथंच त्यांनी कात्री चालवली. आजही हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी काकांना म्हटलं, “इथनं पुढं थांबू नका. वाजवत ऱ्हावा.”

“तुझ्या बापानं थांबायला शिकीवलंय,” काका म्हणाले. “थांबायचं म्हंजे थांबायचं.”

मग गारगोटीचा कार्यक्रम झाला. मैदान भरलेलं, गाणं सुरू होताच सगळे मोबाईल वर. लोक माझ्याआधी ओळी म्हणत होते. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. तिसरं कडवं संपलं, काकांनी ढोलकीवर हात ठेवला, आणि टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या सरकवल्याचा आवाज. लोक उठायला लागले. मी हात वर करून थांबले. कुणी थांबेना, तेव्हा त्या गलक्यातच आईचं कडवं म्हटलं. पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, “ओ ताई, हे गाण्यात न्हाय!”

प्रमुख पाहुणे लोकसाहित्यावर व्याख्यानं देणारे निवृत्त प्राध्यापक होते. माईक हातात येताच ते म्हणाले, “लोकगीताला कर्ता नसतो. ते आपल्या अनाम पूर्वजांचं धन आहे. आजच्या कलाकारांनी त्यात स्वतःची आणि नातेवाइकांची भर घालायचा मोह टाळावा.” जोरात टाळ्या पडल्या.

मी माईक घेतला. “सर, ते अनाम पूर्वज म्हणजे मीच.”

सगळं मैदान हसलं. सरही हसले आणि हसत हसतच त्यांनी मला शाल पांघरली, नारळ दिला. खाली उतरल्यावर एक बाई सेल्फी काढायला आल्या. त्या म्हणाल्या, “अगदी ओरिजनलसारखं म्हणता हो तुम्ही!” मी फोटोत हसले. जीपमध्ये बसल्यावर ती शाल पायाखाली टाकली आणि गडमुडशिंगी येईपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

रात्री माहेरीच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याकडे गेले. आई आता थकली आहे, तरी एका म्हशीची धार तीच काढते. दुसऱ्याच्या हाताला ती म्हैस पान्हा सोडत नाही. आतून माझंच गाणं ऐकू आलं. आई म्हणत होती, धारेच्या ठेक्यावर, हळू आवाजात. मी दारातच थांबले. गारगोटीनं ऐकलं नाही तर नाही, म्हटलं, इथं तरी ते आहे. तिसरं कडवं संपलं. आई थांबली, कासेला पाणी लावलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“आई, पुढचं म्हण की.”

“पुढचं कुठलं?”

“तुझं कडवं.”

“ते व्हय?” तिनं चरवी जरा जवळ ओढली. “काढलंय की ते आता. सूनबाईच्या मोबाईलमदी न्हाय.”

“त्यांनी काढलं. तू कशाला काढलंस?”

“समदी तेवढंच म्हणत्यात बाई,” आई म्हणाली. “मी एकटीनं म्हटलं, तर लोक म्हणतील, म्हातारीनं मदीच आपलं घुसडलं.”