वसुधाच्या अकाउंटला माझा जुना नंबर

आज सोमवार. वसुधाचं वर्षश्राद्ध झालं. सकाळी गुरुजी येऊन गेले. आमचा मुलगा अमेय जेवून पुण्याला परत गेला.

मागच्या आठवड्यापर्यंत मला वसुधाचा आवाज आठवत नव्हता.

चेहरा आठवायचा. चालणं आठवायचं. आवाज नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, आणि त्यानंतर ती होती तोवर पाटीवर लिहूनच बोलायची. घर इतकं शांत झालं की मी आधीचंही विसरलो.

ऑपरेशनच्या आधी मात्र तिने फोनवर काहीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. नंतर पाटीवर लिहून मला बजावलं होतं, "माझ्या अकाउंटमध्ये आहे. मी गेल्यावर ऐका. आधी ऐकलंत तर बघा!"

ती असेपर्यंत मी ते लावलं नाही.

ती गेल्यावर तिचा फोन बंद पडला. दुरुस्तीवाल्याने सुरू करून दिला, पण आतलं सगळं पुसून. आता अकाउंट पासवर्ड मागत होतं. मी लग्नाची तारीख टाकली, अमेयचं नाव टाकलं, तिच्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं.

अकाउंट लॉक झालं.

रिकव्हरीला दोनच रस्ते होते. एक माझा ऑफिसचा ई-मेल. सांवेर रोडवरचा आमचा कारखाना कधीच बंद झाला, त्याच्याबरोबर तो ई-मेलही गेला.

दुसरा मोबाइल नंबर. स्क्रीनवर त्याचे शेवटचे दोन आकडे दिसले आणि मी ओळखला. माझाच होता. कंपनीने दिलेला. नोकरी संपली तेव्हा सिम परत केलं होतं.

आमच्याकडे असंच चालायचं. गॅस असो, बँक असो, वसुधाच्या प्रत्येक फॉर्मवर नंबर माझा. "अहो, तुमचा नंबर टाकते," एवढंच म्हणायची.

अमेय फोनवर म्हणाला, "बाबा, बरेच दिवस उघडलं नाही तर ते लोक अकाउंट डिलीट करतात. पण तो नंबर आता कोणाकडे असेल काय माहीत. जाऊ द्या ना."

मी जाऊ दिलं नाही. माझ्याच जुन्या नंबरवर फोन लावला.

"कौन बोल रिया है?"

मी सगळं सांगितलं. पत्नीचं अकाउंट, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.

"वाह भिया! कल लॉटरी वाला था, आज मरी हुई बीवी ले आए. कुछ तो शरम करो."

फोन कट. पुन्हा लावला तर ब्लॉक.

त्या माणसाचं चुकलं नव्हतं. मीही हेच केलं असतं.

व्हॉट्सअॅपवर तो नंबर उघडला. फोटोत दुकानाची पाटी होती. वर्दी शिवणारे टेलर, महू.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि वसुधाचा मृत्यूचा दाखला पिशवीत घातला आणि बसने महूला गेलो.

दुकानात माझ्याच वयाचे एक गृहस्थ फौजी शर्टाला बटणं लावत होते. मी दाखला त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "कल फोन मैंने किया था."

त्यांनी दाखला दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नंबर आपका था? तो बताओ, सबसे ज्यादा फोन किसका आता था?"

मला विचार करावा लागला नाही. "गुप्ताजी का. बेअरिंग वाले."

ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. "अरे वो गुप्ताजी! मेरा भेजा खा गए थे, भिया. रोज पूछते, ऑर्डर कब दोगे? मैं बोलूँ मैं पैंट सीता हूँ, तो बोलें मजाक मत करो साहब!"

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग ते गंभीर झाले. "पर ओटीपी बताऊँगा नहीं. किसी को नहीं बताते. लाओ, मैं खुद डालता हूँ."

लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एका बोटाने एकेक आकडा टाकला. नवीन पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

अकाउंट उघडलं. रेकॉर्डिंग तिथेच होतं.

"यहीं सुन लो, मशीन बंद करवा देता हूँ," ते म्हणाले. मी म्हटलं, घरी ऐकतो. त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

घरी येऊन दार लावलं आणि लावलं रेकॉर्डिंग.

आधी कुकरची शिट्टी. मग ती.

"अहो, ऐकताय ना? नळाला नर्मदेचं पाणी आलं की मोटर लावायची आणि तिथेच उभं राहायचं. पेपर घेऊन बसायचं नाही. टाकी वाहते आणि शेजारच्या भाभी मला बोलतात."

मागून माझा आवाज, "चहा झाला का?"

"थांबा हो जरा! मी इथे मेल्यानंतरचं बोलतेय."

आणि ती हसते.

पुढे सगळं घरातलंच आहे. डाळींचे डबे, विम्याचे कागद, अमेयला ओरडू नका. आमच्या दोघांबद्दल एक शब्द नाही. मी रोज ऐकतो.

वसुधा, तुझं सांगणं पोचलं. तुला आम्हा सर्वांचा नमस्कार.

आज संध्याकाळी पाणी आलं. मोटर लावली. टाकी भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.